धुऱ्यावरची बोर कुंडीत: जुनिपरचे नियम कुठं चालले, कुठं नाही

वावरातली एक बोर खोदून आणून भाच्यासोबत तिचं बोन्साय करतोय, त्याची ही गोष्ट. आधी झाड काय होतं ते सांगतो, बाकीचं मागून. गावठी बोर, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपोआप उगवलेली, कारंजा घाडगेच्या अलीकडं माझ्या बहिणीचं गाव आहे तिथली. वयानं लहानच, पण बुंधा पाहिला तर कोणीही जुनं झाड म्हणेल, कारण जवाईबापू दरवर्षी पेरणीच्या आधी ती कोयत्यानं बुडाशी छाटायचे आणि बोराट्या कुंपणाला लावायचे, पावसात ती परत फुटायची, अन हिवाळ्यात शेळ्या येऊन शेंडे खाऊन जायच्या. त्यामुळं जमिनीपाशी ९ सेंटीमीटर जाड, त्याच्यावर गाठीच गाठी, आणि गाठींतून अंगठ्याएवढ्या फांद्या झाडूसारख्या सरळ वर गेलेल्या. एका बाजूला कोयत्याचा जुना घाव, तिथलं लाकूड अर्धवट सडून आत खोबण झालेली. बोन्सायवाले ज्या जाड बुंध्यासाठी वर्षानुवर्षं वाढव-काप करत बसतात ते काम इथं फुकटात झालेलं होतं.

धुरा जाणार होता कारण पांदण रस्ता मोठा करायचा होता, उन्हाळ्यातच जेसीबी येणार, म्हणजे बोर तशीही वाचणार नव्हतीच. भाच्याला बोन्सायचा नाद मोबाइलवरून लागलेला आणि त्याच्या मोबाइलवर सगळे जुनिपर, म्हणजे थंड डोंगरातलं ते सदाहरित झाड. डोंगरातून खोदून आणलेलं जुनिपर (असं रानातून आणलेल्या झाडाला जपानी लोक यामादोरी म्हणतात), मग तारा गुंडाळून खोड पिळायचं, अर्ध्या फांद्या सोलून पांढऱ्या करायच्या, पानांचे ढगासारखे थर करायचे. ते पाहून हा पण नागपूरच्या नर्सरीतून थंडीत एक जुनिपर घेऊन आला होता, मे मध्ये ते गेलं. गेलं ते पण त्याला उशिरा कळलं, कारण जुनिपर मेल्यावरही बरेच आठवडे हिरवंच दिसत राहतं, हा पाणी घालत राहिला. त्यात त्याचा फार दोष नाही. जुनिपरला खरी थंडी लागते, वर्षातून काही महिने झोप लागते, आपल्या देशात ते रानात पाहायचं तर हिमालयात उंचावर, लडाख नाहीतर लाहौल-स्पितीसारख्या भागात जावं लागतं, आणि इथं उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्रीसुद्धा स्लॅब गरम असतो. त्या झाडानं इथं जगावं हा हट्टच चुकीचा. ज्या गावच्या बोरी त्या गावच्या बाभळी म्हणतात ना, मग बोरच घे म्हटलं त्याला.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण लोक हे विचारत नाहीत आणि मग अडकतात. जंगलातून झाड खोदून आणणं हा गुन्हा आहे, वनखात्याची जागा असेल तर काडीही उचलायची नाही. स्वतःच्या वावरातलं झाड असलं तरी १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर असली झाडं येतात, त्याला हात लावायच्या आधी परवानगी पाहावी लागते. बोर त्या यादीत नाही, धुरा जवाईबापूंचा स्वतःचा, शेजाऱ्यालाही सांगितलं होतं. एवढं करून मग सब्बल हातात घेतली.

खोदण्याची वेळ आमच्या हातात नव्हती. माझ्या मनानं विचाराल तर बोर पहिल्या पावसानंतर काढावी, जमीन मऊ असते, हवेत ओल असते. पण मे मधली एक गोष्ट आमच्या बाजूची होती की गावठी बोर उन्हाळ्यात बरीचशी पानं झाडते, झाड निवांत असतं, मुळांमध्ये आणि खोडात साठा असतो आणि उडून जायला वर पानंच नसतात. बागायतदार बोरीची छाटणी याच दिवसांत करतात ते उगाच नाही. म्हणून आधी वरच्या सगळ्या फांद्या कापून २२ सेंटीमीटरचा ठोंब ठेवला, मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर खोदायला घेतलं, आदल्या दिवशी बुडाशी दोन-तीन गुंड पाणी ओतून ठेवलेलं.

बोरीचं दुखणं म्हणजे सोटमूळ. भारी काळ्या जमिनीत ते सरळ खाली पाताळात जातं आणि वर बारीक मुळं कमीच असतात, असलं झाड काढलं की दहातलं फार थोडं जगतं. इथं नशीब असं की धुऱ्याखाली हातभरावर पिवळा मुरूम लागला आणि त्याच्यावर मुळं आडवी पसरलेली. तरी एक मूळ मनगटाएवढं खाली गेलेलंच होतं, ते करवतीनं कापलं आणि कापलेली जागा धारदार चाकूनं गुळगुळीत केली, चेंदलेल्या मुळाला सड लागते. आडवी चार चांगली मुळं चारी बाजूंना गेलेली होती, ती मिळाली म्हणून मी खूश, कारण बोन्सायमध्ये झाड भुई धरून उभं आहे असं दिसणं हे सगळ्यात आधी, फांद्या नंतर कधीही येतात. सगळं ओल्या बारदान्यात गुंडाळून मोटारसायकलवर घरी.

कोयत्याच्या आणि करवतीच्या सगळ्या कापांवर बोर्डो पेस्ट. ही कारंज्याकडं घरोघरी असते, संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या लागू नये म्हणून लावतात तीच, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र, आणि लोखंडी भांड्यात नाही, प्लास्टिकच्या बादलीत. भाच्याची आजी म्हणे शेण-माती थापा. जमिनीतल्या झाडाला चालते ती, पण कुंडीत पावसाळाभर शेण ओलं राहिलं की उधई हमखास, म्हणून नको म्हटलं. आजीला ते पटलं नाही. "बोरीले कुंडीत कायले लावून राहिले रे, वावरात काय कमी आहे काय," असं ती वरून म्हणालीच.

लावली कशात तर संत्र्याच्या कॅरेटमध्ये, आतून हिरवी नेट लावून. नवीन माणसाला सुंदर उथळ कुंडीची घाई असते, ती चुकीची. कॅरेटला चारी बाजूंनी भोकं, मुळाचं टोक हवेला आलं की तिथं थांबतं आणि मागून फुटतं, म्हणजे बारीक मुळांचं जाळं होतं, तेच पुढं उथळ कुंडीत कामी येतं. माती म्हणाल तर वावरातली काळी माती अजिबात नाही, ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि कुंडीत तर दगड होऊन बसते. वीटभट्टीवरचा चुरा चाळून हरभऱ्याच्या दाण्याएवढा घेतला दोन भाग, जाड रेती एक भाग, दोन वर्षं जुनं शेणखत एक भाग. जपानी अकादामा माती ऑनलाइन मिळते, तिच्या किमतीत इथं बरंच काही येईल, आणि विटेचा चुरा तेच काम करतो, पाणी धरतो पण तुंबू देत नाही.

आता खरा वाद. झाड कॅरेटमध्ये बसलं, पाऊस सुरू झाला, गाठींतून कोंब फुटले, आणि भाच्याचं सुरू झालं की मामा आता आकार देऊ, तार लावू, हे खोड इकडं वाकवू. मी म्हटलं अबे, तुझे जुनिपरवालेसुद्धा असं करत नाहीत, ते रानातून आणलेल्या झाडाला मुळं धरेपर्यंत एक-दोन वर्षं हातही लावत नाहीत, व्हिडिओत तेवढी कापाकापी दिसते, मधली वर्षं दिसत नाहीत. मुळं तोडली त्याच हंगामात वरून पण छळायचं नाही हा नियम दोन्हीकडं सारखा. त्यामुळं पहिला पावसाळा आणि हिवाळा सगळे कोंब जसेच्या तसे ठेवले, वेडेवाकडे, आतले, बाहेरचे, सगळे. जितकी पानं तितकी मुळं.

पण त्याच्या पुढं नियम उलटे होतात, आणि बोरीवर जुनिपरचा धडा गिरवणाऱ्या प्रत्येकाचं इथंच चुकतं. जुनिपरची ताकद पाल्यात असते. एखाद्या फांदीवरचं सगळं हिरवं काढलं की ती फांदी मेली, उघड्या जुन्या लाकडातून ते सहसा फुटत नाही. म्हणून जुनिपरवाला फांदी कापायला घाबरतो, आहे त्या लांब फांद्या वाकवून, पिळून, दुमडून हिरवं खोडाजवळ आणतो, त्यासाठी ओली रॅफिया (ताडाच्या जातीच्या झाडाचा धागा) बांधतो, जाड तारा लावतो, त्याचं लाकूडही लवचीक असतं. त्याची सगळी स्टाइल या मजबुरीतून आलेली आहे. बोरीची ताकद मुळात आणि बुंध्यात, सालीखाली झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात, ठोंब ठेवला तरी फुटते, शेळीनं खाल्ली तरी फुटते. आणि लाकूड लाल, कडक, वाळलं की खिळा जात नाही असलं. जाड बोर वाकवायला गेलात तर ती वाकत नाही, बुडातून चिरते. म्हणजे जुनिपरला वाकवायचं आणि कापायचं नाही, बोरीला कापायचं आणि वाकवायचं नाही. खोडाला वळण हवं तर कापून आणायचं.

कापून वळण म्हणजे काय ते सांगतो. गाठीच्या वर डावीकडं तोंड असलेला एक जोरदार कोंब निवडला आणि त्याला मोकळा सोडला. दुसऱ्या वर्षी तो पावसाळ्यात माणसाच्या उंचीच्या वर गेला, छाटायचा नाही, खुंटायचा नाही, त्याला जितकी पानं तितकं त्याचं बूड जाड होतं. बहिणीनं डोक्याला हात लावला, कारण कॅरेट होतं कपडे वाळत घालायच्या तारेखाली आणि बोरीचे काटे माहीत आहेत, जोडीनं येतात, एक सरळ, एक आकड्यासारखा वाकडा, त्यातला वाकडा साडी सोडत नाही. पण कोंबाचं बूड अंगठ्यापेक्षा जाड झालं. उन्हाळ्यात पानं झडल्यावर तो बुडापासून ६ सेंटीमीटरवर कापला, तिथं उजवीकडं तोंड असलेला डोळा होता. पुढच्या पावसात तो डोळा फुटला आणि आता खोड आधी डावीकडं, मग उजवीकडं जातं, आणि प्रत्येक वळणावर बारीक होत जातं, तारेशिवाय. बोरीची डहाळी मुळातच नागमोडी असते, दर पानापाशी थोडी दिशा बदलते, त्यामुळं कापलेलं लवकर लपतं.

समोरची बाजू कोणती याच्यावर आमचं एकमत सहज झालं नाही. भाच्याला कोयत्याचा घाव मागं लपवायचा होता. मला तो समोर, जरासा कडेला हवा होता. कारण दुसऱ्या कोणत्याही बाजूनं पाहिलं तर बुंधा नुसता जाड गोळा दिसतो, आणि आडव्या मुळांतली दोन उत्तम मुळंही घावाच्याच बाजूला. शेवटी झाड टेबलावर डोळ्यांच्या पातळीला ठेवलं, फिरवत फिरवत मोबाइलवर फोटो काढले आणि ते काळे-पांढरे करून पाहिले. रंग गेला की वजन कुठं आहे ते लगेच दिसतं. मग तोही मानला.

घावाचं काय करायचं हा त्यातला पुढचा प्रश्न, आणि त्याला वाटलं आता तरी ते पांढरं लाकूड करता येईल. जुनिपरमध्ये फांदीचं टोक सोलून वाळवतात त्याला जिन म्हणतात, खोडावर साल काढून पांढरी पट्टी करतात ती शारी, त्यावर चुना-गंधकाचं द्रावण लावतात, पांढरं दिसतं आणि टिकतंही. पण तिथं लाकूड राळेचं, हवा थंड आणि कोरडी, डोंगरात तसली मेलेली लाकडं शेकडो वर्षं उभी असतात. इथं चार महिने पाऊस, उधई, साल खाणारी अळी, आणि पानगळीच्या झाडाचं बाहेरचं लाकूड तर लवकर भुसभुशीत होतं. शिवाय बोरीवर पांढरी शारी कधी कुठल्या वावरात पाहिली का? नाही. मात्र पोकळ बुंध्याची बोर सगळ्यांनी पाहिली आहे. म्हणून सडलेलं लाकूड कोरून घट्ट लाकूड लागेपर्यंत काढलं, खोबणीत पाणी साचू नये म्हणून खालच्या बाजूला वाट करून दिली, कडेची साल चाकूनं ताजी केली म्हणजे ती गुंडाळून आत येते, आणि आतून चुना-गंधक लावलं, पण त्यात थोडा काजळ मिसळून, म्हणजे पांढरं न दिसता जुनं दिसेल. दीड पावसाळ्यात सालीचा कठडा चांगला जाड झाला आहे.

तार अजिबात लावली नाही असंही नाही. फांद्यांना लावली, खोडाला नाही. बोरीच्या फांदीला तार लावायची वेळ फार थोडी असते, हिरवी असताना लावली तर बुडातून सुटते, पक्की झाली की मोडते, मधले काही आठवडे, फांदी तपकिरी व्हायला लागते तेव्हा. आमच्याकडं ते पोळ्याच्या आगंमागं येतं. तार तालुक्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली, जळालेल्या मोटारीची तांब्याची, किलोवर मिळते, जाड हवी तर अर्थिंगची ८ नंबर. तांब्याची तार आधी चुलीत लाल होईस्तोवर तापवून थंड करायची, मऊ होते, एकदा वाकवली की कडक होते आणि फांदी धरून ठेवते. रिवाइंडिंगच्या तारेवर लेप असतो तो जळताना घाण धूर निघतो, म्हणून हे अंगणात, स्वयंपाकघरात नाही. जाडी फांदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी, वेटोळं तिरपं, आणि लावायच्या आधी त्या भागातले काटे नेलकटरनं उडवायचे, नाहीतर हाताची चाळण. पोळ्यानंतर लावलेली तार दिवाळीच्या आत काढली, कारण ओल असताना फांदी इतकी फुगते की तार सालीत रुतते आणि तो व्रण जात नाही. दोन फांद्या परत वर गेल्या, त्यांना पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा लावली. उन्हाळ्यात मात्र झाडावर तार ठेवू देत नाही मी, मे च्या उन्हात तांबं हाताला लागत नाही, सालीचं काय होत असेल.

फांद्यांचा आकार ठरवायला मी भाच्याला मोबाइल ठेवून वावरात नेला. मारुतीच्या पारामागं एक म्हातारी बोर आहे, ती पाहा म्हटलं. फांद्या आधी वर जातात, मग वजनानं खाली झुकतात, टोकं जवळजवळ जमिनीकडं लोंबतात, वरून छत्रीसारखा घेर पण आतून आभाळ दिसतं. त्यात ढगांचे थर कुठंच नाहीत. जुनिपरचे ते थर बर्फानं फांद्या दाबल्या जातात त्या डोंगरी झाडांचे, बोरीवर ते केले की झाड कोणाचंच दिसत नाही. मग चार फांद्या ठेवल्या, प्रत्येक आधी थोडी वर नेऊन मग कमानीसारखी खाली, टोकं मोकळी लोंबती. पानाच्या पाठीला पांढरी लव असते, त्यामुळं लोंबती डहाळी वाऱ्यानं उलटली की चमकते, हे आपोआप मिळालेलं.

निगेचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवीन काही नाही. एप्रिल ते जून ५० टक्के सावलीची हिरवी नेट, कॅरेट स्लॅबवर नाही, जमिनीवर, खाली ओली रेती, वर बारदान्याचा तुकडा, पाणी सकाळ-संध्याकाळ. मे मध्ये पानं पिवळी पडून गळाली तेव्हा भाच्याचा घाबरून फोन आला, "मामा, हे पण गेलं जी." नखानं साल खरवड म्हटलं, खाली हिरवं निघालं, विषय संपला. ऑक्टोबरात भुरी येते, पानावर पीठ टाकल्यासारखं, त्याला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण कडक उन्हात नाही, पानं करपतात. खत म्हणजे पावसाळ्यात निंबोळी ढेप मूठभर. युरिया टाकू नका, पेरं लांब पडतात आणि मग सगळं परत कापावं लागतं.

यंदा तिसऱ्या वर्षी फुलं धरली आणि मोजकी बोरं पण लागली. बोर नवीन फुटीवर फळते त्यामुळं उन्हाळ्यात कितीही छाटली तरी त्याच वर्षी फळाला येते, ही तिची मोठी सोय. बोन्साय केलं म्हणून फळ लहान होत नाही, पान लहान होतं, म्हणून कलमी मोठ्या बोरापेक्षा गावठीच बरी, छोट्या झाडावर छोटं बोर शोभतं. मी म्हटलं होतं अजून एक वर्ष फळं तोडून टाक, ताकद फांद्यांत जाऊ दे, पण बहिणीला शेजारच्या लेकराच्या बोरन्हाणाला घरच्या झाडाची बोरं पाहिजे होती, त्यामुळं अर्धी ठेवली. तेवढ्यानं काही बिघडत नाही.

आता राहिलंय ते असं. शेंड्याची शेवटची कापणी या मे मध्ये, मग पहिला पाऊस पडला की कॅरेटमधून काढून मुळं एक तृतीयांश कमी करायची आणि उथळ मातीच्या कुंडीत, गेरूच्या रंगाची, बिनचकाकीची. उजवीकडची खालची फांदी ठेवायची की काढायची हे अजून ठरलं नाही. भाचा म्हणतो काढू, मोकळं दिसेल. मला वाटतं ती गेली तर खोबणीची बाजू उघडी पडेल आणि सगळं वजन डावीकडं जाईल, म्हणून कुंडी बदलेपर्यंत ती आहे.